मास्क लावूनही दिवसा पेंग येते तेव्हा

स्लीप ॲप्नियाचं निदान झालं, सीपॅप मशीन घरी आलं, घोरणं थांबलं, घरची माणसं शांत झोपू लागली. आणि तरीही दुपारी कामावर डोळ्यांवर झापड येतेच, अशी तक्रार असणाऱ्यांसाठी हा लेख आहे. यातल्या बऱ्याच जणांना कोणी ना कोणी सांगितलेलं असतं, ‘पोटात जंत असतील, एक गोळी घेऊन टाका.’ काहींनी ती घेतलेलीही असते. काहींनी तर गोळी घेतली म्हणून मास्क कपाटात ठेवलेला असतो. माझी कळकळीची विनंती या शेवटच्या मंडळींना आहे. जुनाट कृमीसंसर्गाचा आणि दिवसाच्या झोपेचा संबंध आहे, तो शोधण्यासारखाही आहे. पण तो शोध मास्क चेहऱ्यावर ठेवूनच घ्यायचा असतो.

कृमींमुळे स्लीप ॲप्निया होत नाही. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते, श्वासाची वाट बंद होते आणि दहा सेकंदांहून जास्त वेळ हवा आत जात नाही. मेंदू दचकून जागा होतो, वाट उघडतो, पुन्हा झोपतो. हे तासाला तीस वेळा घडलं तर दर दोन मिनिटांनी झोप मोडली असा त्याचा अर्थ, आणि तिसाच्या वर गेलं की आजार तीव्र समजतात. पोटातला कृमी यात काही करत नाही. तो दुसऱ्या बाजूने घाव घालतो: रक्तातलं लोह कमी करून, रात्री खाज किंवा खोकला आणून, आतड्यातून अन्नरस नीट शोषू न देऊन, शरीरात सौम्य दाह चालू ठेवून. आधीच तुटक झोप घेणाऱ्या माणसाला एवढी भर पुरेशी होते. म्हणून एका कारणाचा इलाज झाला तरी दुसरं कारण पेंग आणत राहतं.

सुरुवात मात्र मशीनपासून करा. आजच्या बहुतेक मशीनमध्ये रोजची नोंद साठते. ती स्क्रीनवर, कार्डात किंवा मोबाइलच्या ॲपवर पाहता येते. रात्री किती तास मास्क चेहऱ्यावर होता, कडेने हवा किती गळाली आणि मशीन चालू असतानाही तासाला किती वेळा श्वास अडला, एवढं पाहा. शेवटचा आकडा साधारण पाचाच्या आत असावा. तासांच्या बाबतीत फसगत होते. रोज चार तास हा वापर मोजण्यासाठी धरलेला किमान आकडा आहे, झोप भरून निघण्याचा नव्हे. अकराला मास्क लावून तीनला काढून टाकणाऱ्याची उरलेली रात्र श्वास अडतच जाते. त्यात स्वप्नांची झोप पहाटेकडे जास्त असते आणि बहुतेकांचा श्वास त्याच झोपेत सर्वांत जास्त अडतो. म्हणजे रात्रीचा सगळ्यात धोक्याचा भाग मास्कविना गेला.

मशीन ठीक असेल तर मग औषधांचा डबा उघडा. सर्दीच्या आणि खाजेच्या गोळ्यांत, विशेषतः क्लोरफेनिरामिन आणि काहींच्या बाबतीत सेटिरिझिन, दिवसभर गुंगी ठेवण्याची ताकद असते. झोपेच्या गोळ्या, काही वेदनाशामकं, रात्रीची दारू ही सगळी त्याच माळेतली. थायरॉइड मंद असणं, बी-१२ ची कमतरता, उदासीनता यांचीही तपासणी याच टप्प्यावर व्हायला हवी. आणि सर्वांत साधा प्रश्न: रात्री अंथरुणात सात तास असता का? पाच तास झोपणाऱ्याला जगातलं कोणतंही मशीन सात तासांची विश्रांती देऊ शकत नाही.

आता जंतांविषयीच्या घरगुती समजुतींकडे येतो, कारण इथे मोठी गल्लत होते. मूल झोपेत दात खातं, उशीवर लाळ गळते, अंगावर पांढरे चट्टे दिसतात, की आपल्याकडे लगेच जंतांची शंका घेतात. झोपेत दात खाण्याचा आणि जंतांचा संबंध भक्कमपणे सिद्ध झालेला नाही. उलट दात खाणं आणि झोपेतला अडलेला श्वास हे एकाच माणसात बरेचदा आढळतात. लाळेचंही तसंच. तोंड उघडं टाकून झोपणाऱ्याची लाळ गळते, आणि तोंड उघडं का राहतं? नाकातून पुरेशी हवा जात नाही म्हणून. लहान मुलात टॉन्सिल किंवा नाकामागच्या ॲडेनॉइडच्या गाठी वाढलेल्या असतात. मूल घोरतं, मान मागे टाकून झोपतं, घामाने भिजतं, कधी अंथरूण ओलं करतं आणि दिवसा पेंगण्याऐवजी चिडचिड करतं, वर्गात एका जागी बसत नाही. अशा मुलाला वर्षानुवर्षं फक्त जंतांचं औषध मिळत राहिलं तर खरा आजार तसाच राहतो. त्याला कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. जंतांची गोळी शाळेत मिळते ती जरूर द्या, पण घोरण्याचा विचार वेगळा करा.

मोठ्यांमध्ये अशीच गल्लत पोट फुगण्यावरून होते. सकाळी उठल्यावर पोट टम्म, ढेकर, वात सरतो आहे. ‘पोटात काहीतरी वळवळतंय’ असं वाटतं. सीपॅप वापरणाऱ्यांमध्ये याचं नेहमीचं कारण म्हणजे रात्रभर गिळलेली हवा. मशीनचा दाब जास्त असला, मास्क गळत असला, किंवा तोंडातून हवा निसटत असली की ती अन्ननलिकेत शिरते. ही फुगी सकाळी जास्त असते आणि दिवस चढेल तशी कमी होत जाते. त्यावर जंतनाशक घेऊन काही होणार नाही. दाब तपासून घ्यायचा, मास्क बदलून पाहायचा, कुशीवर आणि डोक्याकडची बाजू थोडी उंच करून झोपायचं. याउलट फुगी जेवणानंतर वाढत असेल, शौच पातळ, तेलकट आणि उग्र वासाचं होत असेल, वजन उतरत असेल, तर मात्र शौचाची तपासणी करायलाच हवी.

आणखी एक फरक स्वतःशी नीट करा: तुम्हाला झोप येते की दम लागतो? बसल्या बसल्या डोळे मिटणं ही झोपेची तक्रार. दोन जिने चढल्यावर छाती धडधडणं, हातपाय गळून जाणं, पण आडवं झाल्यावर झोप न लागणं, ही अशक्तपणाची तक्रार. डॉक्टरांना दोन्ही ‘थकवा’ म्हणून सांगितलं की तपासाची दिशा चुकते. मोजायला एक साधी प्रश्नावली आहे. मेलबर्नच्या मरे जॉन्स यांनी १९९१ साली ती मांडली. एपवर्थ स्केल म्हणून ती जगभर वापरतात. वाचताना, टीव्ही पाहताना, दुपारी आडवं पडल्यावर, दुसरा गाडी चालवत असताना शेजारी बसल्यावर, अशा आठ प्रसंगांत डुलकी लागण्याची शक्यता शून्य ते तीन अशी द्यायची. बेरीज चोवीसपर्यंत जाते. दहाच्या वर असेल तर झोप प्रमाणाबाहेर आहे असं धरतात. आजचा तुमचा आकडा तारखेसह लिहून ठेवा; पुढे प्रत्येक उपायानंतर तोच आकडा सांगेल की फरक पडला की नाही.

कृमींमध्ये माझ्या मते सर्वांत जास्त लक्ष द्यायला हवं ते हूकवर्मकडे, म्हणजे अंकुशकृमीकडे. तो तोंडावाटे कमी आणि पायांवाटे जास्त येतो. उघड्यावर शौच झालेल्या ओलसर, सावलीच्या मातीत अंड्यांतून अळ्या बाहेर पडतात आणि अनवाणी पावलाच्या त्वचेतून आत शिरतात. बोटांच्या बेचक्यात दोनचार दिवस खाज सुटते, बहुतेक जण ती विसरून जातात. अळ्या रक्तातून फुप्फुसात, तिथून घशात आणि गिळल्या जाऊन आतड्यात पोहोचतात. तिथे आतड्याच्या अस्तराला चावा घेऊन महिनोन्‌महिने, काही तर वर्षानुवर्षं रक्त पितात. याच्या दोन मुख्य जाती माणसात आढळतात. मोठ्या जातीचा एक कृमी दिवसाला साधारण ०.१५ ते ०.२ मिलिलिटर रक्त घालवतो, लहान जातीचा त्याच्या पाचव्या हिश्श्याइतकं. थोडं वाटतं. पण मोठ्या जातीचे शंभर कृमी असतील तर रोज पंधरा ते वीस मिलिलिटर. आपलं शरीर अन्नातून दिवसाला एकदोन मिलिग्रॅम लोह कसंबसं शोषतं, आणि एवढ्या रक्तातून त्याच्या कितीतरी पट लोह निघून जातं. जमाखर्च कधीच जुळत नाही.

लोह कमी झालं की दोन गोष्टी घडतात. पहिली सगळ्यांना माहीत आहे: हिमोग्लोबिन उतरतं, माणूस दमतो. स्लीप ॲप्निया असलेल्याला याचा दुहेरी त्रास, कारण रात्री श्वास अडला की रक्तातला ऑक्सिजन उतरतोच, त्यात रक्ताची वाहून नेण्याची क्षमताही कमी. इथे बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. ते यंत्र हिमोग्लोबिन किती टक्के भरलेलं आहे तेवढंच सांगतं, हिमोग्लोबिन आहे किती ते सांगत नाही. हिमोग्लोबिन सातवर असलेल्या माणसाचं ऑक्सिमीटरही ९७ दाखवू शकतं.

दुसरी गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते. लोहाची कमतरता पायांतून बोलते. संध्याकाळ झाली, माणूस टेकला, की पायांत वळवळ, ओढ, मुंग्यांसारखं काहीतरी सुरू होतं. हलवल्याशिवाय चैन पडत नाही, उठून चाललं की बरं वाटतं, पुन्हा पडलं की पुन्हा तेच. कित्येक घरांत आजोबा नातवाला रोज रात्री पाय तुडवायला सांगतात, त्यामागे हे असू शकतं. झोप लागल्यावरही पाय दर अर्ध्या मिनिटाने झटकत राहतात आणि प्रत्येक झटक्यासरशी झोप उथळ होते. सीपॅपने घसा मोकळा ठेवला तरी हे झटके तो थांबवू शकत नाही. म्हणून मास्क लावूनही पेंग येणाऱ्याने डॉक्टरांना पायांविषयी आपण होऊन सांगावं. नाही तर हा विषय निघतच नाही. आणि नुसतं हिमोग्लोबिन पाहून थांबू नये. लोहाचा साठा दाखवणारी फेरिटिनची तपासणी मागून घ्यावी. अस्वस्थ पायांच्या तक्रारीत फेरिटिन ७५ किंवा त्याखाली असलं तरी लोह देण्याचा विचार करतात, भले प्रयोगशाळेच्या कागदावर तो आकडा ‘नॉर्मल’ म्हणून छापलेला असो. वर शरीरात दाह असेल तर फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं, हेही डॉक्टर लक्षात घेतात.

हूकवर्मची शंका कोणी घ्यायची? भातखाचरात, उसात, भाजीच्या मळ्यात अनवाणी राबणाऱ्यांनी, वीटभट्टीवर किंवा ओल्या मातीत काम करणाऱ्यांनी, आणि ज्यांचं बालपण अशा गावात गेलं पण आता शहरात आहेत अशांपैकी ज्यांचं गावी जाणं-येणं, शेतात उतरणं चालू आहे त्यांनी. शाळकरी मुलांना राष्ट्रीय जंतनाशक दिनी अल्बेंडाझोलची गोळी मिळते. २०१५ पासूनचा हा कार्यक्रम १ ते १९ वर्षं वयासाठी आहे. हत्तीरोगाच्या मोहिमेतल्या जिल्ह्यांत मोठ्यांनाही ती मिळते. बाकी ठिकाणी पन्नाशीतला शेतकरी, जो स्लीप ॲप्नियाच्या नेमक्या वयात आहे, तो कोणत्याच मोहिमेत बसत नाही. त्याने स्वतःहून तपासून घेतलं तरच कळतं.

इथे एक इशारा द्यायलाच हवा, आणि तो मी जरा ठणकावूनच देतो. चाळिशी-पन्नाशीपुढच्या पुरुषात किंवा पाळी बंद झालेल्या बाईत लोह कमी सापडलं, तर ‘जंत असतील’ म्हणून विषय मिटवू नका. पोटातला अल्सर, मूळव्याध, आतड्यातली गाठ किंवा कर्करोग यांतून नकळत रक्त जात असतं. स्लीप ॲप्नियाच्या रुग्णांपैकी पुष्कळ जण हृदयासाठी ॲस्पिरिन घेत असतात, गुडघ्यांसाठी वेदनाशामकं खातात. दोन्हींमुळे जठरातून रक्तस्राव होऊ शकतो. शौचात जंतांची अंडी सापडली तरीही या वयात दुर्बिणीने तपासणी करायची की नाही, हा प्रश्न डॉक्टरांना विचाराच. शौच डांबरासारखं काळं होत असेल तर वाट पाहू नका. (लोहाच्या गोळ्या चालू असतानाही शौच काळसर होतं, म्हणून गोळ्या कधी सुरू केल्या ते सांगा.)

रात्रीची झोप थेट मोडणारे कृमी निराळे. सुतासारखे बारीक पांढरे सूतकृमी घरात शाळकरी मूल असेल तर मोठ्यांनाही होतात. मादी रात्री गुदद्वाराशी येऊन अंडी घालते आणि तिथे खाज सुटते. माणूस पुरता जागा होत नाही, पण हात जातो, कूस बदलते, मास्क सरकतो. याचं निदान शौचाच्या तपासणीत सहसा होत नाही. सकाळी उठल्या उठल्या, आंघोळीच्या आणि शौचाच्या आधी, पारदर्शक चिकटपट्टी तिथे दाबून ती काचपट्टीवर लावून तपासतात. तीन सकाळी केलं तर खात्री वाढते. औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी घ्यायचं आणि दोन आठवड्यांनी पुन्हा. नखं कापायची, चादरी-अंतर्वस्त्रं गरम पाण्यात धुवायची. एकट्याने गोळी घेतली तर महिन्याभरात पुन्हा तेच.

दुसरा रात्रीचा शत्रू हत्तीरोगाच्या पट्ट्यात आढळतो. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया हा भाग त्यातला. हत्तीरोगाच्या कृमींविरुद्ध काहींचं शरीर फुप्फुसात तीव्र प्रतिक्रिया देतं: मध्यरात्रीनंतर कोरडा खोकला, छातीत सूं सूं, दिवसा थकवा. पाय सुजलेला नसतो, त्यामुळे हत्तीरोग कोणाच्या मनात येत नाही आणि दमा म्हणून वर्षभर पंप चालतो. असा खोकणारा माणूस मास्क सहन करू शकत नाही आणि मग मशीनच मानवत नाही असा ठपका ठेवला जातो. रक्तातल्या इओसिनोफिल पेशी इथे तीन हजारांच्या वर गेलेल्या असतात. एरवी पाचशेच्या आत असाव्यात. डायइथिलकार्बामाझिन नावाचं औषध साधारण तीन आठवडे दिलं की खोकला हटतो. मात्र इओसिनोफिल थोडे वाढलेले दिसले म्हणजे कृमीच, असं नाही. ॲलर्जी, दमा, काही औषधं यांनीही ते वाढतात.

जिआर्डिया हा दूषित पाण्यातून येणारा एकपेशी जीव. शहरी माणसाला हूकवर्मपेक्षा याची शक्यता जास्त. २००४ च्या शरद ऋतूत नॉर्वेतल्या बर्गन शहराच्या नळाच्या पाण्यात तो शिरला आणि हजारो लोक आजारी पडले. संशोधकांनी तीन वर्षांनी त्यांची पाहणी केली तेव्हा जवळजवळ निम्म्यांना दीर्घकाळचा थकवा होता. संसर्ग न झालेल्यांत हे प्रमाण साधारण आठात एक एवढंच निघालं. यातून रुग्णाने घ्यायचं ते हे, की जीव मेल्यावरही थकवा रेंगाळू शकतो. औषधानंतर तपासणी स्वच्छ आली आणि थकवा राहिला, तर पुन्हा पुन्हा तीच औषधं घेत बसू नये.

परदेशात राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी स्ट्राँगिलॉइडिस या कृमीचं नाव मुद्दाम सांगतो. तोही पायांतून शिरतो, पण शरीरातच नवी पिढी तयार करू शकतो, म्हणून देश सोडून तीस-चाळीस वर्षं झाली तरी राहतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेश-सयाम रेल्वेवर राबवलेल्या ब्रिटिश युद्धकैद्यांत तो कित्येक दशकांनी सापडला. कधीमधी खाज, अंगावर सरकणारा लाल पट्टा, पोटदुखी, वाढलेले इओसिनोफिल, एवढ्यावर भागतं. काहींना काहीच जाणवत नाही. धोका येतो तो स्टिरॉइडमुळे. दम्यासाठी, सांध्यांसाठी किंवा इतर कारणाने पोटातून स्टिरॉइड सुरू झालं की हे कृमी बेसुमार वाढून जीव घेऊ शकतात. न्यू जर्सीतल्या किंवा लंडनमधल्या डॉक्टरांना हे सुचेलच असं नाही. ‘मी कोकणात शेतात वाढलो’ हे वाक्य तुम्हीच उच्चारलं पाहिजे. साध्या शौच तपासणीत तो निसटतो, रक्ताची वेगळी तपासणी लागते. अल्बेंडाझोलचा एक डोस त्याला पुरत नाही, आयव्हरमेक्टिन लागतं.

आणि ‘झोपेचा आजार’ म्हणून ज्याचं नाव इंटरनेटवर लगेच समोर येतं, तो त्सेत्से माशीचा आफ्रिकन आजार? त्यात रात्र आणि दिवस यांची झोप अक्षरशः उलटीपालटी होते. पण तो सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेपुरता आहे. तिथे नोकरीला असलेल्यांनी किंवा सफारी करून आल्यावर ताप आलेल्यांनी डॉक्टरांना प्रवास सांगावा, बाकीच्यांनी काळजी सोडावी. त्याच कुळातला गुराढोरांना होणारा ‘सरा’ आपल्याकडे आहे. २००४ साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात तो सापडला, तेव्हा जगभरचे तज्ज्ञ चकित झाले. पुढे कळलं की या जीवांना मारणारं एक प्रथिन बहुतेक माणसांच्या रक्तात असतं, ते त्याच्याकडे नव्हतं. सुरामिन देऊन तो बरा झाला. पेंग येणाऱ्या माणसाने सऱ्याची भीती बाळगण्याचं कारण नाही.

तपासणी कशी करून घ्यायची ते नीट सांगतो, कारण खर्च थोडा आणि चुका फार. डॉक्टरांकडून संपूर्ण रक्तगणना, इओसिनोफिलचा प्रत्यक्ष आकडा, फेरिटिन, बी-१२, थायरॉइड आणि शौचाची तपासणी लिहून घ्या. शौचाचा नमुना एकदाच देऊन भागत नाही. कृमी रोज सारखी अंडी टाकत नाहीत, म्हणून वेगवेगळ्या दिवशी तीन नमुने द्या. नमुन्यात लघवी किंवा पाणी मिसळू देऊ नका, तासा-दोन तासांत प्रयोगशाळेत पोहोचवा, आणि अँटिबायोटिक किंवा जंतांची गोळी घेण्याआधी द्या. ‘ओव्हा’ आणि ‘सिस्ट’ आढळले नाहीत असा एकच अहवाल आला म्हणजे प्रकरण संपलं, असं धरू नका. उलट अमिबाचे सिस्ट दिसले म्हणून लगेच घाबरूही नका. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली निरुपद्रवी अमिबाही हुबेहूब तसाच दिसतो.

औषध मनाने घेऊ नका, असं सगळेच लेख सांगतात. इथे त्याची कारणं सांगतो. सगळ्या कृमींना लागू पडेल अशी एक गोळी नाही. जिआर्डियाला टिनिडाझोलसारखं वेगळं औषध लागतं. मेंदूत पट्टकृमीच्या गाठी असतील तर काही कृमीनाशकांनी फिट येऊ शकते, त्यामुळे फिट किंवा न थांबणारी डोकेदुखी असलेल्याने आधी तपासणी करावी. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत अल्बेंडाझोल टाळतात. आणि ‘शरीरातले सगळे परजीवी बाहेर काढणारं’ म्हणून ऑनलाइन विकलं जाणारं चूर्ण घेऊ नका. जुलाबात जे दोऱ्यांसारखं पडतं ते बहुतेक वेळा चूर्णातलेच तंतू आणि आतड्यातला चिकट स्राव असतो.

लोह कमी निघालं तर जेवणात अळीव, बाजरी, हिरव्या पालेभाज्या, खात असाल तर मांस-मासळी वाढवा, वर लिंबू पिळा, जेवणाला लागून चहा घेऊ नका. पण रिकामा झालेला साठा अन्नाने भरत नाही, गोळ्या लागतात. पोटाला सोसत नसतील तर दिवसाआड घेण्याविषयी डॉक्टरांना विचारा. तशाने शोषण चांगलं होतं असं आढळलं आहे. तीनचार आठवड्यांत हिमोग्लोबिन साधारण दोनने चढायला हवं. चढलं नाही, तर गोळ्या घेतल्या जात नाहीत किंवा रक्त अजून कुठून तरी जातं आहे. हिमोग्लोबिन भरल्यावरही साठ्यासाठी आणखी तीन महिने गोळ्या चालू ठेवतात. शेतात गमबूट वापरा, निदान चप्पल; नाही तर पुढच्या पावसाळ्यात सगळं पुन्हा सुरू होईल.

हा सगळा शोध चालू असताना गाडीचं काय? पेंग आटोक्यात येईपर्यंत लांबचा आणि रात्रीचा प्रवास स्वतः चालवत करू नका. जांभया सुरू झाल्या, मागचे दोन किलोमीटर कसे गेले ते आठवेना, की खिडकी उघडून किंवा गाणी मोठी लावून काही साधत नाही. सुरक्षित जागी थांबा, पंधरा-वीस मिनिटं झोपा. ट्रक, एसटी किंवा टॅक्सी चालवणाऱ्यांनी नोकरी जाईल या भीतीने तक्रार लपवू नये. उपचार नीट चालू असलेला चालक कामावर राहू शकतो, स्टिअरिंगवर डुलकी लागलेला मात्र स्वतःबरोबर इतरांचाही जीव धोक्यात घालतो.

तीन महिन्यांनी एपवर्थचे आठ प्रश्न पुन्हा सोडवा. आकडा उतरला असेल तर चाललंय तसंच चालू द्या. लोह भरलं, कृमी गेले, मास्क सात तास आहे, वजन वाढलेलं नाही, आणि तरी आकडा दहाच्या वर अडला असेल, तर झोपेच्या तज्ज्ञांकडे परत जा. मशीनवर असताना रात्रीची झोप-चाचणी पुन्हा करतात, दुसऱ्या दिवशी दर दोन तासांनी डुलकी घ्यायला लावून किती मिनिटांत झोप लागते ते मोजतात. नार्कोलेप्सीसारखा वेगळा आजार तिथे उघड होतो. काही जणांना मोडाफिनिलसारखं जागं ठेवणारं औषध रक्तदाबावर लक्ष ठेवून दिलं जातं. ते घेणाऱ्या बाईने गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम त्याने कमी होतो हे डॉक्टरांशी बोलून घ्यावं. आणि ते चालू असतानाही रात्रीचा मास्क लावायचाच असतो, कारण ते औषध डोळे उघडे ठेवतं, घसा नाही.